कुंग-कुंगना आडवं जायचं होतं

“मोक सर, तुमच्या इमारतीत कुणी मेलं, तर त्याला खाली कसं आणतात?”

उभी राहून, हात मागे बांधून, अगदी साखरेच्या आवाजात मी हे विचारलं आणि सगळा वर्ग चिडीचूप झाला. मोक सर म्हणजे माझे बाबा. पालकांनी शाळेत येऊन आपापल्या कामाविषयी बोलायचं असा तास होता, आणि बाबा फळ्यापुढे उभे राहून चिंचोळ्या प्लॉटवर उंच इमारत कशी बसवतात ते सांगत होते. प्रश्न खरं तर माझा नव्हता. तोंड माझं, पैज माझ्या मैत्रिणींची, पुई-मान आणि हो-यीची. “एवढा दम आहे ना तुझ्यात, मग बाबांना मरणाचं विचारून दाखव. सगळ्यांसमोर!” जिंकले तर आठवडाभर शाळेबाहेरच्या गाडीवरचे माशाचे गोळे फुकट.

मागच्या वर्षी मी बाकाखाली शिरले असते. पण या वर्षी आमच्या शाळेनं वादविवादाची ढाल आणली, शेवटचं भाषण माझं होतं, आणि तेव्हापासून माझं तोंड जे उघडलंय ते मिटतच नाही, असं आई म्हणते.

“आ-सान!” यिप मिस जवळजवळ किंचाळल्या. “थुंक! थुंक आणि दुसरं काहीतरी बोल!”

आमच्याकडे असंच असतं. अशुभ शब्द निघाला की थू थू करायचं आणि लगेच चांगला शब्द बोलायचा, म्हणजे आधीचा लागू होत नाही. आमच्या भाषेत ‘चार’ आणि ‘मरण’ यांचा उच्चार जवळजवळ सारखाच, चार म्हटलं की लोकांना मरण ऐकू येतं, म्हणून बाबांच्या इमारतीत चौथा मजला नाही, चौदावा नाही, चोविसावा नाही. लिफ्टची बटणं तीनवरून सरळ पाचवर उडी मारतात. मी थू थू केलं आणि “सर, तुमच्या इमारतीत सगळे शंभर वर्षं जगोत” असं म्हटलं. हो-यी बाकावर डोकं ठेवून हसत होती.

बाबाही हसले. “लिफ्टनंच आणतात,” ते म्हणाले. “तुमच्याआमच्यासारखं. फक्त बटण दुसऱ्या कुणाला तरी दाबावं लागतं.”

वर्ग हास्यानं फुटला. बाबांनी पुढचं चित्र लावलं. पण मी त्यांची मुलगी आहे, त्यांचे कान मला कळतात. ते लालबुंद झाले होते, आणि तास संपेपर्यंत बाबा लिफ्टविषयी पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

बाबा ज्या इमारती काढतात त्यांना हाँगकाँगात लोक दातकोरणी म्हणतात. जुनं चार-पाच मजली घर पाडायचं आणि त्या फटीत आभाळापर्यंत काडी उभी करायची. एका मजल्यावर दोन घरं, मधे एक लिफ्ट आणि वेणी घातल्यासारखे एकमेकांत गुंतलेले दोन जिने. त्यांच्या ऑफिसात हे बाबांइतकं कुणालाच जमत नाही. आई म्हणते, या माणसाला बॅग भरायला द्यावी, चौघांचे कपडे आणि वर एक कलिंगड बसवेल!

साय यिंग पुनमध्ये त्यांची सगळ्यात बारीक इमारत आहे. तिथे पूर्वी आईचे वडील, माझे कुंग-कुंग, राहायचे. खाली त्यांचं खारवलेल्या माशांचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर घर. आजूबाजूचे सगळे घरं विकून गेले, कुंग-कुंग तेवढे अडून बसले. शेवटी बाबांच्या मालकांनी बाबांनाच मध्यस्थीला पाठवलं. नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर घर मिळेल, लिफ्ट असेल, गुडघ्यांना आराम पडेल, असं बाबांनी त्यांना समजावलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. राहायला गेल्यावर कुंग-कुंग काही काम नसतानाही लिफ्टनं खाली-वर करायचे. जुनं गिऱ्हाईक भेटलं की त्याला धरून आणायचे. “या, बसा माझ्या गाडीत,” म्हणायचे.

मग त्यांचं यकृत बिघडलं. पोटात पाणी साठायला लागलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डॉक्टर लुई घरी येऊन तपासायचे. हॉस्पिटलात मरायचं नाही असं कुंग-कुंगनी त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. खालच्या गल्लीत अजून माशांची दुकानं आहेत, खिडकी उघडली की तो खारट वास वर येतो. “हा वास नाकात असताना जायचं,” ते म्हणायचे. आईनं नोकरीतून रजा घेतली होती, आणि शाळा सुटली की मी तिथेच जायचे.

त्या दिवशी मी जिंकलेले माशाचे गोळे घेऊन गेले. कुंग-कुंग पलंगावर होते. त्यांच्या खोलीत पलंग एकाच बाजूनं बसतो, आणि नीट झोपलं तर पाय दाराकडे येतात. दाराकडे पाय करून फक्त मढं ठेवतात. म्हणून कुंग-कुंग उलटे झोपायचे, डोकं दाराशी आणि पाय खिडकीच्या बाहेर काढलेल्या कट्ट्यावर. पलंगही आखूडच होता. त्या खोलीत पूर्ण लांबीचा येतच नाही.

“काय ग, आज काय दिवे लावलेस?” त्यांनी डोकं मागे करून मला उलटंच पाहत विचारलं.

मी सगळं सांगितलं, यिप मिसच्या किंचाळण्याच्या नकलेसकट. ते इतके हसले की खोकला लागला. मी पाणी दिलं.

“मग? जावईबापू काय म्हणाले?”

“लिफ्टनं, म्हणाले.”

“लिफ्टनं,” कुंग-कुंग म्हणाले. त्यांचं हसू थांबलं. “त्या लिफ्टमध्ये आडवा माणूस मावतो?”

“नाही हो! उभं करत असतील.” हे मी ऐटीत बोलून गेले. बोलल्यावर मला ते ऐकू आलं.

“आ-सान!” आई स्वयंपाकघरातून ओरडली, म्हणजे दोन हातांवरून. “जीभ हासडीन हं! थुंक आधी!”

“राहू दे ग,” कुंग-कुंग म्हणाले. ते खिडकीतल्या आपल्या पायांकडे बघत होते. “तुझी पोपो-आजी गेली ना, तेव्हा तिला जुन्या घरातून खाली आणलं. लाकडी जिना होता, हा एवढा रुंद. चार माणसांनी फळीवर घेतली. शेजारी सगळे रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे होते. आणि ती आपली निवांत, छताकडे तोंड करून, राणीसारखी गेली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी उचलून नेलं तिला.” मग म्हणाले, “मी पन्नास वर्षं दुकानात उभा होतो, आ-सान. गिऱ्हाईक बसून बघत नाही आणि मासे बसून विकले जात नाहीत. आता मेल्यावरही उभंच करणार का मला? मला आडवं जायचंय. तुझ्या बापाला विचार, येतं का.”

आई दारात पळी धरून उभी होती. या वेळी तिनं थुंकायला सांगितलं नाही.

घरी जेवताना मी बाबांना विचारलं. पैजेविना, साध्या आवाजात. बाबांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. मग त्या पुन्हा उचलल्या आणि ताटाखालच्या चटईवर एकमेकींवर तिरप्या मांडल्या.

“हे दोन जिने,” ते म्हणाले. “चटई म्हणजे प्लॉट. त्याच्या बाहेर जायचं नाही.” सोयासॉसची बशी त्यांनी चॉपस्टिकांना टेकवली. “ही लिफ्ट. हे भाताचे वाडगे म्हणजे दोन घरं. आता बशी लांब कर.”

मी बशी सरकवली. भाताचा वाडगा चटईवरून घसरला, तो आईनं धरला.

“बस. एवढंच आहे सगळं,” बाबा म्हणाले.

“म्हणजे येतच नव्हती मोठी?”

बाबा बशी परत जागेवर आणून तिच्याभोवती बोट फिरवत राहिले. “येत होती,” अखेर म्हणाले. “वाडगे जरा लहान झाले असते. मी आधी मोठीच काढली होती. स्ट्रेचर आडवं मावेल अशी.”

“मग?”

“मग बैठक झाली. पायाभरणीच्या आठवड्यात. पूजेसाठी भाजलेलं डुक्कर सांगून झालं होतं, मुहूर्त काढणारे गुरुजी मालकांच्या शेजारीच बसलेले. मालकांनी बोट ठेवून विचारलं, ही एवढी लांब कशाला? आता त्या खोलीत, त्या आठवड्यात, मी काय सांगणार? तुमच्या इमारतीत माणसं मरतील म्हणून?”

“काय सांगितलंत?”

“सोयीसाठी, म्हटलं. ते म्हणाले, कुणाची सोय? मी म्हटलं, सामान न्यायला. सगळे हसले. या घरांत एवढं लांब सामान मावतं कुठे, मोक? बरोबरच होतं ते. मीच तर पलंग आखूड काढले होते.” बाबांनी बशी उचलून तोंडाला लावली आणि मग लक्षात येऊन खाली ठेवली. “एका मिनिटात विषय संपला. मोठ्या स्वयंपाकघरावर सगळे खूश झाले.”

“पण तुम्ही तो शब्द बोलला असतात तर?”

“कदाचित हाकललं असतं मला. कदाचित नसतं काही झालं.”

“म्हणजे मरण...”

“आ-सान, जेवताना नको,” आई म्हणाली.

“बघ,” बाबा मला म्हणाले. “इथे आपण तिघंच आहोत.”

मी चिडले होते. खूप. पण वादविवादात चिडून चालत नाही, मुद्दा लागतो. “जिना आहे ना!” मी म्हटलं. “लिफ्ट गेली खड्ड्यात. जिन्यानं आडवं नेता येतं का ते करून बघू या. मी झोपते.”

आईनं कपाळाला हात लावला. बाबांनी मात्र लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की मला वाटतं, ते कुणीतरी म्हणण्याचीच वाट बघत होते.

रविवारी दुपारी बाबांनी प्लायवूडची फळी आणली. मला तिच्यावर झोपवून आपल्या दोन पट्ट्यांनी बांधलं. डोक्याकडून बाबा, पायांकडून रखवालदार लाउकाका. लाउकाका आधी तयारच नव्हते. “जिवंत पोरीला असं बांधतात का, साहेब? माझ्या ड्यूटीवर नको.” मी त्यांना उरलेले माशाचे गोळे कबूल केले.

पहिला टप्पा झकास गेला! मी छताकडे तोंड करून राणीसारखी चालले होते. ट्यूबलाइटवर मेलेले किडे दिसत होते. मग वळण आलं. दोन जिने एका खोक्यात कोंबल्यावर वळणाच्या वाट्याला काय उरणार? फळीचं टोक भिंतीला लागलं. बाबांनी माझं डोकं कठड्यावरून बाहेर काढलं, तर माझे पाय कोपऱ्यात अडकले. तिरकं करून पाहिलं. मागे नेऊन पुन्हा आणलं.

“काका, तुमची बाजू खाली घ्या. अजून. अजून थोडी.”

“साहेब, आता मी पायरीवर बसलोय. ह्याच्या खाली जमीन आहे.”

मी पट्ट्यांतून घसरायला लागले. तळवे फळीच्या कडेला टेकले आणि मग जमिनीला.

“बाबा,” मी म्हटलं, “मी उभी आहे.”

तेवढ्यात जिन्याचं दार उघडून शेजारच्या सीतो काकू कचऱ्याची पिशवी ठेवायला आल्या. भिंतीला टेकवलेली, पट्ट्यांनी बांधलेली मी त्यांना आधी दिसले. पिशवी सुटली आणि संत्र्याची सालं पायऱ्यांवरून खाली गेली.

“अगं बाई! मेली का पोर?”

“नाही काकू! सराव चाललाय!”

“थुंका मेल्यांनो! थुंका सगळे!”

आम्ही तिघांनी थू थू केलं. लाउकाकांनी जरा जास्तच मनापासून. दुसऱ्या दिवशी खालच्या फलकावर सूचना लागली, की जिन्यात अशुभ खेळ खेळू नयेत. मला हसू येत होतं, खरंच येत होतं. पण बाबा त्या वळणावरून हलेनात. एक हात एका भिंतीला आणि दुसरा समोरच्या भिंतीला लावून उभे होते. दोन्हीकडे पोचत होते त्यांचे हात.

“तीस मजले आहेत,” ते म्हणाले, “प्रत्येक वळणाला त्यांना असं उभं करावं लागेल. त्यापेक्षा लिफ्ट बरी.”

वर कुंग-कुंग वाट बघत होते. “पास का नापास?”

खोटं बोलावंसं वाटलं मला. पण त्यांनी मान मागे करून माझ्याकडे असं उलटं पाहिलं, की जमलं नाही. “नापास,” मी म्हटलं.

बाबा माझ्या मागे दारात होते. आत दोघं उभे राहायला जागा नव्हती. “मला माफ करा,” ते म्हणाले.

“अरे, तू काय करणार? चटणीएवढी जागा, तिच्यात तू जेवण मांडलंस.” कुंग-कुंगनी हात हलवला. मग मला म्हणाले, “हॉस्पिटलची लिफ्ट केवढी असते ग?”

“आख्खा पलंग जातो तिच्यात. वर दोन नर्सबाई.”

“झालं तर. डॉक्टरला सांगा, खाट बघ म्हणावं. मीच आधी निघतो.”

“पण तुम्हाला तर इथेच...” आई म्हणाली आणि थांबली.

“दोन्ही मिळत नाही ना, पोरी. इथे मरायचं तर उभं जायचं. आडवं जायचं तर तिथे मरायचं. मी बघितलं तोलून.” त्यांनी खिडकीकडे नाक केलं आणि खोल श्वास घेतला. “वास काय, आठवतोच.”

खाट सोमवारची मिळाली. आईनं पिशवी भरली. सपाता, चहाचा झाकणाचा पेला, पोपोचा फोटो. पिशवी पलंगावर त्यांच्या पायांशी ठेवली, कारण दुसरीकडे जागाच नव्हती, आणि कुंग-कुंग मधूनमधून अंगठ्यानं तिला ढोसून बघायचे, आहे ना म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “सोमवारी आपल्या पायांनी जातोय.” लाउकाकांना त्यांनी व्हीलचेअर तयार ठेवायला सांगितली, आणि मग म्हणाले, नको, दारापर्यंत चालीन.

ते शनिवारी दुपारी गेले. मी त्यांना पेज भरवत होते. दोन चमचे घेतले, तिसऱ्याला तोंड उघडलं नाही. मला वाटलं, नको असेल. मी चमचा धरून तशीच बसले. पेजेवर साय आली. मग मी आईला हाक मारली.

डॉक्टर लुई आले, त्यांनी लिहून दिलं. मग पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं आली. एक वयस्कर, एक आडदांड. त्यांनी कुंग-कुंगना पांढऱ्या कापडात गुंडाळलं, निळ्या पिशवीत घातलं आणि एका अरुंद फळीला पट्ट्यांनी बांधलं. फार हळू हातांनी केलं सगळं. मग वयस्कर माणसानं लिफ्टकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, “दातकोरणं ना हे? उभंच न्यावं लागेल, साहेब. या इमारतींतून सगळे तसेच जातात. जिन्यात पाठ मोडते माणसाची, आणि त्यांचीही.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले.

“आत मी आणि अजून एक जण मावेल. एकट्याला धरवत नाही. हा माझा गडी मावत नाही, तो जिन्यानं उतरतो. घरचं कुणी येतंय?”

“मी येतो.”

त्या माणसानं बाबांना वरपासून खालपर्यंत बघितलं. बाबा रुंद आहेत. “दार लागणार नाही, साहेब.”

आई भिंतीला टेकून रडत होती. मी पुढे झाले. कुणी मला विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. मी कडेनं आत शिरले, आणि त्यांनी कुंग-कुंगना माझ्यासमोर उभं केलं. दार बंद होताना बाबांचं तोंड आधी अर्धं दिसलं, मग एक डोळा, मग काही नाही.

लिफ्टच्या मागच्या भिंतीला मोठा आरसा आहे. जागा मोठी वाटावी म्हणून. त्या आरशात आम्ही सगळे दुप्पट होतो.

“हात काखेखाली घाला,” तो माणूस म्हणाला. “नाचताना धरतात तसं. घट्ट. ते खाली घसरतात.”

मी धरलं. आधी काहीच वजन लागलं नाही, त्यांच्या काड्याच झाल्या होत्या. मग लिफ्ट सुटली तशी पिशवीच्या आत काहीतरी हललं, गुडघे वाकले असावेत, आणि सगळे कुंग-कुंग माझ्या अंगावर आले. त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. कापडातून गार लागत होतं. लिफ्टच्या स्पीकरमधली बाई तिच्या त्या आनंदी आवाजात मजले मोजत होती.

मधेच लिफ्ट थांबली आणि दार उघडलं. बाहेर एक बाई उभी होती, हातात भाजीची गाडी आणि बोटाला लहान मुलगी.

“जागा आहे का हो आत...” ती म्हणाली आणि मग तिनं पाहिलं. पटकन मुलीला ओढून घेऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, रीत आहे तशी. मुलगी मात्र मान वळवून बघत राहिली.

“आई, ताई आजोबांना पाडणार आहे,” ती म्हणाली.

“नाही पाडणार,” असं मला तिला सांगायचं होतं. मी हात आणखी घट्ट केले. दार सावकाश बंद झालं. बाबांनीच तसं बसवून घेतलं होतं, म्हाताऱ्यांना वेळ मिळावा म्हणून.

खाली गाडीत त्यांना आडवं केलं. एका हाताची बोटं मला उघडता येईनात, वयस्कर माणसानं एकेक करून सोडवली. पुष्कळ वेळानं जिन्याच्या दारातून बाबा बाहेर आले. शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं.

“आडवं केलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कधी?”

“आत्ता. इथे.”

त्यांनी मान डोलावली. गाडीचं दार लागलं. मग ते फुटपाथवर माशांच्या टोपल्यांजवळ बसले, आणि दुकानदारानं त्यांना उठवलं नाही.

शाळेत मी आठवडाभर गेले नाही. गेले तेव्हा पुई-मान आणि हो-यीनं काहीच विचारलं नाही, नुसत्या मला मधे घेऊन बसल्या. यिप मिसनी पुढच्या वादविवादाचा विषय दिला आणि म्हणाल्या, तुला जमेल तेव्हा. बाबा पुन्हा ऑफिसला जायला लागले. नवीन प्लॉट आलाय, आधीच्यापेक्षा अरुंद. एकदा मी त्यांच्या खांद्यावरून स्क्रीनवर पाहिलं. दोन जिने वेणीसारखे, मधे लिफ्ट. तिची लांबी मी विचारली नाही. बाबांनीही सांगितली नाही. त्यांचे कान लाल झाले आणि मी माझ्या खोलीत गेले.

दहनानंतर राख एका पांढऱ्या बरणीत मिळाली. कपाटात आईच्या घड्या घातलेल्या रेशमी कपड्यांवर ती ठेवलेली असायची. काल जेवताना बाबा खुशीत होते. खूप दिवसांनी. अस्थी ठेवायच्या भिंतीत खण मिळाला होता. या शहरात तो मिळायला वर्षं लागतात, पण डोंगराच्या उतारावर नवी इमारत झालीय, सगळी खणांचीच.

“उंच आहे, पण बारीक,” बाबा म्हणाले. “प्लॉट लहान होता, तरी छान बसवलीय. प्रत्येक मजल्यावर किती खण, विश्वास बसणार नाही. आपला वरच्या ओळीत आहे. बरणी बरोब्बर उभी राहते. आणि लिफ्ट...” ते थांबले.

“समुद्राच्या बाजूचा आहे,” आई घाईनं म्हणाली. “चिंग-मिंगला, पितरांच्या सणाला, जाऊन फुलं ठेवता येतील. नावाची पाटी लागेल. माझ्या बाबांना आवडेल.”

मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. हात धुऊन आले. मग दोघांना दिसेल अशी उभी राहिले.

“कुंग-कुंग त्या खणात जाणार नाहीत,” मी म्हटलं.

“आ-सान, बस खाली.”

“नाही बसणार. माझं ऐकून घ्या, मग ओरडा. मी त्यांना धरून खाली आणलंय, तुम्ही दोघं नव्हता लिफ्टमध्ये. मला माहीत आहे ते कसे उभे होते. शनिवारी सरकारी बोट निघते, राख समुद्रात सोडायला. मी शाळेतून फोन करून विचारलं. फुलं टाकता येतात, कागद जाळता येत नाही. अर्जावर मोठ्या माणसाची सही लागते, ती आई, तू करशील, कारण ते तुझे बाबा आहेत. पाटी नाही, खण नाही, मजला नाही. चिंग-मिंगला आपण बंदरावर जाऊ आणि कुठल्याही लाटेला नमस्कार करू. मी ठरवलंय. या शनिवारी मी त्यांना पाण्यावर आडवं पसरून येणार आहे. तुम्ही आलात तर बोटीवर तिघांची जागा आहे.”